लिलावातले क्रिकेट आणि उपेक्षित गुणीजन

पद्माकर शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी मुंबईत निवर्तले, आणि त्यानंतर तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, २२ मार्च रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर इंडियन प्रीमियर लीगचा अठरावा हंगाम सुरू झाला. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध काही नाही. तथापि त्या इतक्या जवळजवळ आल्या की, एकीचा विचार दुसरीवाचून करणे आम्हांस अवघड जाते. एका बाजूस आयुष्यभर एकच कला घोटीत राहिलेला एक डावखुरा फिरकी गोलंदाज. दुसऱ्या बाजूस त्याच खेळाचे ते रूप, ज्यात गोलंदाजाच्या वाट्यास मोजून चोवीस चेंडू येतात व तेवढ्यांत त्याची किंमत ठरते.

शिवलकरांची कारकीर्द आमच्या वाचकांपैकी जुन्या मंडळींस तोंडपाठ असेल. तरुणांकरिता ती थोडक्यात सांगितली पाहिजे. १२४ प्रथम दर्जाचे सामने, ५८९ बळी, आणि दर बळीमागे वीसहूनही कमी धावा. १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मद्रासच्या मैदानावर, प्रतिपक्षाच्या अंगणात, त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. पाच दिवसांचा म्हणून आखलेला तो सामना निम्म्या वेळातच आटोपला. असा हा गोलंदाज भारताच्या वतीने एकही कसोटी सामना खेळला नाही. संघात डावखुऱ्या फिरकीची जागा एक होती, आणि ती बिशनसिंग बेदी ह्यांनी व्यापिली होती. हरियाणाचे राजिंदर गोयल सहाशेहून अधिक रणजी बळी मिळवून त्याच दाराबाहेर उभे राहिले. २०१७ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने ह्या दोघांसही कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, तेव्हा दोघेही पंचाहत्तरीच्या घरात होते. शिवलकर गातही उत्तम, आणि आपल्या आत्मकथनास त्यांनी नाव दिले ते ‘हा चेंडू दैवगतीचा’. दैवाकडे बोट दाखविले, माणसांकडे नाही. हा त्यांचा मोठेपणा होय.

दैव म्हणणे येथे शोभतेही. बेदी ह्यांच्यासारखा गोलंदाज समकालीन निघावा ह्यात कोणाचा अपराध नाही. पण उपेक्षेचे दुसरेही प्रकार आहेत, आणि त्यांत दैवाचा भाग फार थोडा असतो. ते प्रकार नजरेसमोर न ठेवता ‘पूर्वीचे क्रिकेट किती थोर’ असे उसासे टाकणे आम्हांस मान्य नाही. पूर्वीचे क्रिकेटही गुणांस न्याय देत होते असे इतिहास सांगत नाही.

बाळू पालवणकर ह्यांचेच उदाहरण पाहा. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. जातीने चांभार, म्हणून पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम त्यांच्याकडे. साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांची कला तयार झाली. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडास गेलेल्या संघात त्यांनी सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. त्या दौऱ्यातील सर्वांत यशस्वी खेळाडू तेच. परंतु हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही मिळाले नाही. मैदानावर ज्यांच्या हाताचा चेंडू चालत होता त्यांस चहा मात्र वेगळ्या मातीच्या भांड्यातून, मंडपाबाहेर. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांना १९२३ मध्ये ते कर्णधारपद लाभले, तेही मोठ्या वादंगानंतर.

आणि भाऊसाहेब निंबाळकर! कोल्हापूरच्या ह्या फलंदाजाची कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत असावयास हवी, ती तशी नाही. डिसेंबर १९४८. पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा रणजी सामना चालला होता. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग निंबाळकर खेळावयास आले आणि आठ तासांहून अधिक काळ हलले नाहीत. कमल भांडारकर ह्यांच्यासह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या; भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. ४९ चौकार, एक षट्कार, ४४३ धावा, नाबाद. त्या वेळचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन ह्यांच्या १९३० मधील नाबाद ४५२ धावांचा. म्हणजे आणखी नऊ धावा काढावयाच्या आणि एक दहावी. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. खेळ विश्रांतीसाठी थांबला, आणि काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब ह्यांनी कळविले की, आमचा संघ आता मैदानात उतरणार नाही. सामना बहाल करून पाहुणे निघून गेले. विक्रमाच्या पुस्तकात आपल्या संघाचे नाव अशा रीतीने यावयास नको, एवढीच चिंता. एका संस्थानिकाच्या मानापमानापायी एका शिलेदाराचे एका षटकात होण्याजोगे काम राहिले ते कायमचे. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च धावसंख्या होय. निंबाळकरही कसोटी खेळले नाहीत. २०१२ च्या डिसेंबरात, वयाची त्र्याण्णव वर्षे पुरी होण्यास एक दिवस उरला असता, ते वारले.

तेव्हा लांब क्रिकेट म्हणजे न्याय आणि आखूड क्रिकेट म्हणजे अन्याय, अशी सोपी मांडणी करणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसू इच्छित नाही. महाराजांचे क्रिकेट महाराजांच्या लहरीवर चाले. लिलावातले क्रिकेट निदान जात विचारीत नाही, घराणे विचारीत नाही. मुंबईचे लेगस्पिन गोलंदाज प्रवीण तांबे ह्यांनी कांगा लीग व कचेऱ्यांचे सामने खेळण्यात वीस वर्षे घालविली. प्रथम दर्जाचा एकही सामना त्यांच्या नावावर नव्हता. २०१३ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांस ओळखले ते राजस्थानच्या व्यावसायिक संघाने, कोणा निवड समितीने नव्हे. त्यानंतर त्यांस मुंबईच्या रणजी संघाचे दार उघडले. हे श्रेय ज्याचे त्यास दिलेच पाहिजे. टेनिसच्या चेंडूवर गल्लीबोळांतून खेळणाऱ्या पोरांसाठी २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर दहा षटकांची लीग भरली, तीतही कित्येकांच्या हातास प्रथमच चार पैसे लागले असतील. त्यात वाईट काय आहे?

वाईट आहे ते दुसरीकडे.

क्रिकेटचा काळ कसा आखडत आला हे क्षणभर पाहू. १९३९ च्या मार्चमध्ये दरबान येथे इंग्लंड व दक्षिण आफ्रिका ह्यांच्यात निकाल लागेपर्यंत खेळावयाचा म्हणून जो सामना सुरू झाला तो दहा दिवस चालला, आणि विजयास ४२ धावा उरल्या असता इंग्लंडच्या खेळाडूंना बोट गाठावयाची होती म्हणून तसाच सोडून द्यावा लागला. त्या अतिरेकापासून मर्यादित षटकांकडे जाणे समजण्यासारखे होते. १९६३ मध्ये इंग्लंडात एकदिवशीय स्पर्धा आली, ५ जानेवारी १९७१ रोजी मेलबर्न येथे पावसाने धुऊन गेलेल्या कसोटीच्या जागी पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवशीय सामना झाला. १९८३ मध्ये आपण विश्वचषक जिंकला तो साठ षटकांचा. १९८७ मध्ये साठाची पन्नास झाली. इंग्लंडच्या मंडळाने प्रेक्षक का घटले ह्याची बाजार-पाहणी करविली आणि तिच्यातून २००३ मध्ये वीस षटकांचा खेळ जन्मला. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे: ह्या खेळाची कल्पना कोणा खेळाडूची नव्हे, विक्रीखात्याची. २००७ मध्ये जोहान्सबर्गला आपण वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, २००८ मध्ये लीग आली. २०१७ मध्ये शारजात दहा षटकांचे सामने झाले, २०२१ मध्ये इंग्रजांनी षटकाचा हिशोबही मोडून शंभर चेंडूंचा डाव काढला. पुढचे पाऊल किती चेंडूंचे असेल हे हिशोबनीसच सांगू शकतील.

आखूडपणा स्वतः दोषी नाही. २८ मे १९२१ रोजी आपल्या ह्याच नाशकात जन्मलेले दत्तात्रेय विष्णु पलुसकर आठवावेत. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये, ते गेले. पण त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना ठाऊक आहे की, एवढ्या अवकाशातही रागाचे संपूर्ण दर्शन घडविता येते. त्यांच्यापूर्वी मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनीही तबकडीची ती सक्ती कलेत जिरविली होती. परंतु हे गवई घडले ते तबकडीत नव्हे. ते घडले वर्षानुवर्षांच्या तालमीत आणि रात्र-रात्र चालणाऱ्या मैफलीत. तबकडी ही मैफलीची अर्क-कुपी होती. मैफली बंद करून तबकड्यांचाच कारखाना चालविला असता तर दुसऱ्या पिढीत कुपीत भरावयास अर्क उरला नसता. क्रिकेटचे नेमके तेच होऊ घातले आहे, आणि ते पैशाच्या जोरावर होत आहे, म्हणून आकडे पाहणे भाग आहे.

२०२३ ते २०२७ ह्या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क मंडळाने ४८,३९० कोटी रुपयांस विकले. सामन्यामागे ही रक्कम सुमारे ११८ कोटी पडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झालेल्या लिलावात एका खेळाडूस २७ कोटी मिळाले. त्याविषयी आम्हांस असूया नाही. पण दुसरा हिशोब मांडून पाहा. चाळिसाहून अधिक रणजी सामने खेळलेल्या अनुभवी खेळाडूस दिवसाला ६०,००० रुपये मिळतात, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे दोन लाख चाळीस हजार. साखळीतील सातही सामने तो खेळला तर सोळा लाख ऐंशी हजार. लिलावातील सर्वांत कमी बोली तीस लाखांची असते, आणि २०२५ पासून अंतिम संघात उतरणाऱ्यास तीन-साडेतीन तासांच्या प्रत्येक सामन्यामागे साडेसात लाख रुपये वेगळे मिळतात. एका संध्याकाळचे मोल चार दिवसांच्या तिपटीहून अधिक! शिवलकरांच्या काळी रणजी खेळणारास अगदी थोडे मिळे, आजचा रणजी खेळाडू उपाशी नाही, हे खरे. पण अठरा वर्षांच्या मुलाने चेंडूस उंची देण्याची, फलंदाजास पुढे ओढण्याची, सात षटके एकाच टप्प्यावर टाकून आठव्यात फसविण्याची विद्या कशासाठी शिकावी, ह्या प्रश्नाचे उत्तर हे आकडे देतात. ती शिकू नये, हेच ते उत्तर.

वेळापत्रकही तीच भाषा बोलते. २०२४-२५ मध्ये देशाची मुख्य स्पर्धा असलेला रणजी करंडक दोन तुकड्यांत कापला गेला: पाच सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उरलेले जानेवारीत, मध्ये आखूड स्पर्धा. ज्या नाट्याचा पहिला अंक दिवाळीस आणि दुसरा संक्रांतीनंतर त्याला प्रेक्षक कसा टिकावा? उलट लीगमध्ये क्षणही वाया जात नाही. लोकांस वेळ नाही म्हणून खेळ वीस षटकांचा केला, आणि मग त्याच खेळात डावपेच ठरविण्याच्या नावाखाली अडीच-अडीच मिनिटांच्या चार विश्रांती घातल्या, ज्यांत डावपेच मैदानावर व जाहिराती पडद्यावर चालतात. आरंभीच्या हंगामांत तर षट्कारालाही एका बांधकाम कंपनीचे नाव दिले होते. फलंदाजाने मारलेला फटका प्रथम जाहिरातदाराचा, मग फलंदाजाचा, अशी ती वाटणी होती.

नाशिककरांस हा विषय परका नाही. २३ जानेवारी २०२५ पासून आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्र व बडोदा ह्यांचा रणजी सामना झाला, महाराष्ट्राने तो ४३९ धावांनी जिंकला. आपल्याच गावचा रामकृष्ण घोष जेद्दाच्या लिलावात चेन्नईच्या संघाने तीस लाखांस घेतला, त्याचा सर्वांस आनंद झाला, आम्हांसही झाला. पण सत्यजित बच्छाव हाही नाशिकचा, डावखुरा फिरकी गोलंदाज, बाळू आणि शिवलकर ह्यांच्या परंपरेतला. कित्येक हंगाम तो महाराष्ट्राकडून लांब पल्ल्याची गोलंदाजी करीत आला आहे. त्याच्या नावावर लिलावाचा आकडा नाही म्हणून गावातील किती सुशिक्षितांस त्याची कामगिरी सांगता येईल? आकडा नसेल तर गुण दिसत नाही, अशी दृष्टी आपल्यास जडत चालली आहे. हा दृष्टिदोष क्रिकेटपुरता नाही.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांपुढे आला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशकास आणला. १९१७ च्या ‘लंकादहना’ने पैशाची रास ओतली. मग भागीदार आले, हिशोब आले, कलावंत आणि धनको ह्यांचे बिनसले. बोलपट आल्यावर बाजारास त्यांची गरज उरली नाही. १९३७ चे ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते ह्या गावात वारले, तेव्हा त्यांनी जन्मास घातलेला धंदा भरभराटीत होता आणि ते विस्मृतीत. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये; पांडवलेण्याच्या पायथ्याचे स्मारक त्याहूनही उशिराचे. आज जे लोक फाळक्यांचे नाव घेऊन नाशिकचा गौरव सांगतात त्यांनी एवढे तरी आठवावे की, बाजाराने ज्याला आधी डोक्यावर घेतले त्यालाच नंतर टाकले.

वामनदादा कर्डक ह्यांची गोष्ट निराळी. त्यांस बाजाराने डोक्यावर घेतलेच नाही. सिन्नर तालुक्यातील देशवंडीस १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेल्या ह्या लोककवीने गावोगाव, वस्ती-वस्तीतून, आंबेडकरांचा विचार गाण्यातून पोहोचविला. हजारो गाणी रचिली. लाखो लोक ती गात होते व गात आहेत. १५ मे २००४ रोजी ते नाशकातच गेले. आता आमच्या वाचकांनी प्रामाणिकपणे मनास विचारावे: व्याख्यानमालांस नियमाने जाणाऱ्या, वाचनालयाचे सभासद असलेल्या आपल्या वर्गात त्यांची गाणी त्यांच्या हयातीत किती जणांनी ऐकली होती? येथे उपेक्षा करणारा लिलाव नव्हता. येथे मंडपाबाहेरचे ते मातीचे भांडे होते, फक्त रूप बदलले होते. बाजारास दोष देताना सुसंस्कृत म्हणविणाऱ्या समाजाची सुटका होते असे कोणी समजू नये.

तरीही बाजाराविषयी आमची तक्रार उरतेच, कारण तो महाराजांहून अधिक सर्वव्यापी आहे. ठाकोरसाहेबांस संघ मैदानाबाहेर नेता आला, पण ४४३ धावांचे मोल कमी करिता आले नाही. बाजार ते करू शकतो. नाबाद ४४३ ही ज्या खेळात बसतच नाही तो खेळच मुख्य ठरला, की निंबाळकर उपेक्षितसुद्धा राहत नाहीत; ते अनाकलनीय होतात. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर ह्यांनी १९४० च्या सुमारास, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. आणि १९७३-७४ मध्ये मंडळाने त्यांचे नाव दिले ते एका मर्यादित षटकांच्या स्पर्धेस! ज्याची ख्याती तासन् तास खेळण्याची त्याच्या नावाने षटके मोजली गेली. देवधर शंभरी ओलांडून १९९३ मध्ये गेले. ह्या विनोदावर ते काय म्हणत असतील, ह्याचे आम्हांस कुतूहल आहे.

वेगळ्या मार्गाने का होईना, न्याय मिळू शकतो ह्याचे उदाहरणही ताजे आहे. अमोल मुझुमदार ह्यांनी १९९४ मध्ये मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा केल्या, पुढे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक. भारताची टोपी त्यांस मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मुझुमदार होते. न मिळालेल्या संधीतून साठविलेले ज्ञान त्यांनी दुसऱ्यांच्या हाती दिले. अशी किती माणसे जिल्ह्या-जिल्ह्यांत मोकळी बसली आहेत! त्यांना प्रशिक्षक म्हणून कायमची वेतनश्रेणी देण्यास ११८ कोटींतील कितवा हिस्सा लागेल?

मंडळाकडे आमची मागणी अवास्तव नाही. लीग बंद करा असे आम्ही म्हणत नाही. लोकांस ती आवडते, आणि लोकांच्या आवडीस नाके मुरडणे हा संपादकांचा जुना व निरुपयोगी उद्योग आहे. पण रणजी करंडक अखंड खेळविला जावा. चार दिवसांच्या सामन्याचे मानधन निदान लीगच्या एका सामन्याइतके व्हावे. ज्यांच्या तिजोरीत ४८,००० कोटी येतात त्यांस ते जड नाही. आणि कारकीर्द संपलेल्या प्रथम दर्जाच्या खेळाडूंची, गुणलेखकांची, खेळपट्टी सांभाळणाऱ्या माळ्यांची दखल ते पंचाहत्तरीस पोहोचण्याची वाट न पाहता घेतली जावी.

महाराष्ट्र क्रिकेट संघटना आणि नाशिक जिल्ह्याची संघटना ह्यांस एक सूचना त्याहूनही सोपी आहे. कान्हेरे मैदानावर पुढील रणजी सामना होईल तेव्हा शहरातील शाळांच्या मुलांस पाळीपाळीने एकेक दिवस तेथे आणून बसवावे, आणि शेजारी एखादा जुना खेळाडू बसवावा, जो त्यांस गोलंदाज काय करतो आहे ते सांगेल. चौथ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, खेळपट्टी भेगाळलेली असते, चेंडू जुना झालेला असतो आणि डावखुऱ्या गोलंदाजाभोवती चार क्षेत्ररक्षक वाकून उभे असतात. त्या वेळच्या मुलांच्या पाळीस अर्धा तास अधिक मिळावा.